ढाळजेतला मोडेम

शिरूर नावाची गावं महाराष्ट्रात किती, हे आम्हाला भूगोलाच्या पुस्तकापेक्षा टपालानं जास्त शिकवलं. पुणे जिल्ह्यात घोडनदीचं शिरूर, बीड जिल्ह्यात शिरूर कासार आणि आमच्याच लातूर जिल्ह्यात, अहमदपूर तालुक्यात, शिरूर ताजबंद. या गर्दीत आमचं शिरूर ओळखू यायचं ते अनंतपाळाच्या नावानं. पाकिटावर ‘अनंतपाळ’ लिहायचं राहिलं, की पत्र आधी दुसऱ्या शिरूरचं पाणी पिऊन यायचं. १९९९ साली आमचा तालुका झाला, पण म्हणून पत्रांना अक्कल आली असं काही नाही. पत्ता पूर्ण लिहिणं ही आमच्याकडं हौस नव्हती, गरज होती.

आता पत्ता कुणी लिहीत नाही, ‘लोकेशन टाका’ म्हणतात. लाल खूण थेट घरावर येऊन बसते. पार्सलवाला त्या खुणेवर गाडी लावतो आणि तिथूनच फोन करतो, ‘सर, नेमकं कुठं?’ तेव्हा पत्त्याला चार ओळी लागायच्या. आता एकही लागत नाही, पण शेवटची पन्नास पावलं अजून तोंडानंच सांगावी लागतात.

फोनचंही तसंच. ‘पी.पी.’ ही दोन अक्षरं आजच्या पोरांना सांगून कळायची नाहीत. लग्नपत्रिकेवर, पावतीपुस्तकावर, नोकरीच्या अर्जावर नंबर असायचा आणि त्याच्यापुढं पी.पी. म्हणजे नंबर शेजाऱ्याचा, माणूस आमचा. घंटी आण्णांच्या घरी वाजायची. आण्णा विचारायचे, ‘कोण पायजे?’ मग त्यांचं लेकरू पळत यायचं, ‘काका, पुण्याहून फोन हाय, पाच मिंटानं परत लावणारेत.’ आम्ही ताटावरून उठून पळायचो. गल्लीत घरं पंधरा आणि नंबर एक. बाहेरच्या जगाला पंधरा घरं दिसतच नव्हती, तो एक नंबर तेवढा दिसायचा. कोणाचा फोन कोणाच्या दारात पोचवायचा, हा हिशेब आण्णांच्या डोक्यात.

आता घरात माणसं चार आणि सिमकार्डं सहा. पळत कुणी जात नाही. घंटी वाजली की अनोळखी नंबर म्हणून ती वाजू देतात. तेव्हा कुणाचा फोन आला हे अख्ख्या गल्लीला कळायचं आणि आम्हाला त्याचा राग यायचा. आता कुणाचा आला हे घरातल्या घरात कळत नाही आणि त्याचा संशय येतो.

आण्णांची ही पी.पी.ची व्यवस्था पुढं एका पांढऱ्या डबीत शिरली. तिला आम्ही मोडेम म्हणायचो.

बीएसएनएलनं ‘डेटावन’ नावाचं ब्रॉडबँड आणलं ते जानेवारी २००५ मध्ये. ब्रॉडबँड म्हणजे सेकंदाला किमान २५६ किलोबिट, ही २००४ च्या सरकारी धोरणातली व्याख्या. आज त्या वेगात व्हॉट्सॲपवरचा साधा व्हिडिओसुद्धा रडतखडत उतरेल. पण डायल-अपच्या किंकाळ्या ऐकलेल्या माणसाला २५६ म्हणजे लातूरहून थेट मुंबईला निघालेली रेल्वे वाटायची. चार एमबीचं गाणं दोन-सव्वादोन मिनिटांत, आणि तेवढ्या वेळात घरचा फोनही चालू! एकाच तांब्याच्या तारेवरून बोलणं आणि नेट दोन्ही जातं, हे वडीलमंडळींना पटवता पटवता नाकी नऊ यायचे. त्यासाठी भिंतीवर तीन भोकांची एक छोटी डबी बसे, स्प्लिटर. एका भोकात बाहेरची लाइन, दुसऱ्यात फोन, तिसऱ्यात मोडेम. फोन चुकून डबीच्या अलीकडं जोडला, की बोलताना कानात रातकिडे ओरडायचे आणि नेटचा जीव जायचा.

मोडेम चालू करणं हा एक छोटा संस्कार होता. बटण दाबायचं आणि गप्प बसायचं. पॉवरचा दिवा लागला, ठीक. मग ‘लिंक’चा दिवा लुकलुकायला लागायचा, एक्स्चेंजमधल्या यंत्राशी त्याची बोलणी चालू असायची. लुकलुकता लुकलुकता तो एकदम स्थिर झाला, की खोलीतले सगळे श्वास सोडायचे. पावसाळ्यात कुठल्या तरी खांबावर जोडात पाणी शिरलेलं असलं, की दिवा रात्रभर डोळा मारत बसायचा. आम्ही मोडेमला हात जोडायचो, तार ओढून बघायचो, फुंकर मारायचो. फुंकरीनं तांब्याची लाइन सुधारत नाही, हे माहीत होतं. तरी मारायचो.

आता फायबरवाला पोरगा गाडीवर येतो, छतावरून काळी वायर सोडतो, काचेची तार जोडतो, अर्ध्या तासात निघतो. पासवर्ड तोच टाकतो, आणि तो बहुधा आपलाच मोबाइल नंबर असतो. दिवे याही डबीला आहेत, पण त्यांच्याकडं कुणी बघत नाही. वेग शंभर पट, शंका शून्य. हे चांगलंच आहे. तरी यंत्राशी आपली ओळख करून न देता तो जातो, एवढंच.

मी त्या काळात गावातल्या एका कॉम्प्युटर क्लासवर शिकवायचो. त्यातून ‘सर’ ही पदवी मिळाली, ती अजून चालू आहे. एमकेसीएलनं २००१ मध्ये एमएस-सीआयटी हा कोर्स सुरू केल्यापासून तालुक्याच्या गावांत असे क्लास उभे राहिले होते. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या दोन खोल्या, बाहेर चपलांचा ढीग, आत टेबलांची रांग, स्क्रीनवर धूळ बसू नये म्हणून शिवून घेतलेली कापडं. आमच्या क्लासवर कॉम्प्युटर दहा आणि फोनची लाइन एक. मोडेम आला तो ‘ब्रिज’ अवस्थेत, म्हणजे तार नुसती पुढं सरकवणारा. एका कॉम्प्युटरवर डायलर उघडायचा, युजरनेम-पासवर्ड टाकायचा आणि त्या एकावरच नेट चालायचं. बाकीची नऊ पोरं आपापल्या पेंटमध्ये झोपडी, नारळाचं झाड आणि दोन डोंगरांमधला सूर्य काढत बसायची.

हे दहाही कॉम्प्युटर एका लाइनीवर कसे बसवायचे, ते मला लातूरच्या एका दोस्तानं फोनवर सांगितलं. मी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं. ब्राउझर उघड. १९२.१६८.१.१ टाक. युजरनेम ॲडमिन, पासवर्ड ॲडमिन. ब्रिज काढ, पीपीपीओई कर. व्हीपीआय शून्य, व्हीसीआय पस्तीस. युजरनेम-पासवर्ड आता कॉम्प्युटरऐवजी मोडेमलाच दे. ‘नॅट’पुढं टिचकी मार. सेव्ह कर, रिबूट कर, चहा पी. त्यातला प्रत्येक शब्द मला तेव्हा शाबरी मंत्रासारखा होता. अर्थ कळत नव्हता, गुण मात्र येत होता.

मोडेमपासून कॉम्प्युटरपर्यंतच्या वायरींचा मंत्र वेगळा. क्लिप पिळायच्या आधी आठ तारा ओळीनं लावाव्या लागायच्या आणि ती ओळ आम्ही मोठ्यानं म्हणायचो: पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्याच्या जोडीत निळी घुसलेली असते, तिथंच नवखा चुकायचा. अंगठ्यानं तारा सरळ करायच्या, टोकाशी एका रेषेत कापायच्या, क्लिपमध्ये सरकवायच्या आणि पक्कड दाबताना डोळे मिटायचे. कट्ट आवाज आला की काम झालं. मोजून दहा वायरी केल्या, त्यातल्या तीन फुकट गेल्या. त्या तीन क्लिपांचे पैसे क्लासच्या मालकांनी माझ्याकडून घेतले नाहीत, पण पुढं वर्षभर ऐकवले.

त्या संध्याकाळी मोडेम चालू झाला आणि दहाही स्क्रीनवर गूगल उघडलं. तार एक, नंबर एक, आणि दहा पोरं दहा ठिकाणी! माझ्या मागं उभ्या असलेल्या मालकांनी विचारलं, ‘सर, हे कसं काय चालूलालंय? उत्तर कुणाचं हाय हे त्याला कळतं कसं?’

याचं उत्तर मला आमच्या आजोळच्या वाड्यात सापडलं. मराठवाड्यातल्या जुन्या वाड्याला ढाळज असते. मोठ्या दारातून आत पाऊल टाकलं, की दोन्ही अंगांना बसायच्या जागा, आणि तिथं घरातलं एखादं म्हातारं माणूस कायमचं बसलेलं. आत खोल्या अनेक, राहणारी बिऱ्हाडं अनेक, बाहेर पडायचं दार एक. समजा तिसऱ्या खोलीतून चिठ्ठी निघाली. ढाळजेतले आजोबा तिच्यावरचं ‘तिसरी खोली’ खोडतात, वाड्याचं नाव घालतात, कोपऱ्यात एक आकडा टाकतात आणि वहीत लिहून ठेवतात: अमुक आकडा, तिसरी खोली. उत्तर त्या आकड्यासकट येतं. आजोबा वही बघतात, वाड्याचं नाव खोडून ‘तिसरी खोली’ लिहितात आणि आत पाठवतात. वहीत ज्याची नोंद नाही, तो पाहुणा दारातूनच परत. आकडे पासष्ट हजारांवर, म्हणजे चिठ्ठ्यांना तोटा नाही. या आकड्याला पोर्ट म्हणायचं आणि आजोबांच्या या सगळ्या कारभाराला नॅट, म्हणजे पत्त्याची अदलाबदल.

आणखी एक गंमत. माजघर, स्वयंपाकघर, माडी ही नावं प्रत्येक वाड्यात असतात, पण त्यानं गावात घोटाळा होत नाही, कारण ती नावं वाड्याबाहेर पडतच नाहीत. १९२.१६८नं सुरू होणारे पत्ते तसे. १९९४ मध्येच ते घरगुती वापरासाठी राखून ठेवले गेले. मारुती जसा प्रत्येक गावात, तसा १९२.१६८.१.१ जवळपास प्रत्येक मोडेमात. साकोळचा वेगळा, येरोळचा वेगळा, आणि दोघांनाही आपलाच खरा वाटतो.

आता हे सगळं काम पोरं बोटाच्या एका टिचकीनं करतात. धाकट्या भावाचा डेटा संपला, की थोरला हॉटस्पॉट चालू करतो. त्या क्षणी त्याचा मोबाइल ढाळज होतो आणि वही लिहायला लागतो. त्याला नॅट हा शब्द माहीत नाही, व्हीपीआय-व्हीसीआय माहीत नाही, आणि त्यानं त्याचं काही अडत नाही. आम्हाला मंत्र पाठ होता, यंत्र रुसायचं. त्यांचं यंत्र रुसत नाही, म्हणून मंत्राची गरज नाही. यात वाईट वाटण्यासारखं काय आहे, असं मी स्वतःला विचारतो. उत्तर येतं, काहीच नाही. तरी वाईट वाटतं. बहुधा मंत्र पाठ असल्याचा मान गेला म्हणून.

रात्रीचंही सांगितलं पाहिजे. पाचशे रुपयांच्या घरगुती प्लॅनमध्ये दिवसा एमबी मोजून मिळायचे, पण रात्री दोन ते सकाळी आठ मोफत. आमच्या पिढीनं नवरात्रातही एवढी जागरणं केली नसतील. दोनचा गजर लावायचा, उठायचं, डाउनलोड लावून पुन्हा आडवं व्हायचं आणि आठच्या आत उठून बंद करायचं. २५६च्या हिशेबानं सहा तासांत साधारण सहाशे नव्वद एमबी उतरायचे, म्हणजे बरोबर एका सीडीत मावेल एवढा सिनेमा. पण मधेच भारनियमन. तीन वाजता वीज गेली की मोडेम गेला, मोडेम गेला की सिनेमा अर्धा. एकदा मी आठचा गजर बंद करून झोपलो आणि डाउनलोड साडेअकरापर्यंत चालू राहिलं. महिनाअखेरीस बिल आलं तेव्हा वडिलांनी ते मोठ्यानं वाचलं, मग चष्मा काढला, मग पुन्हा वाचलं. चूक शंभर टक्के माझी होती, आणि त्यांनी तसं स्पष्ट सांगितलंही.

आता घरच्या नेटवर डेटाची मोजदाद कुणी करत नाही. सिनेमे उतरवायचेच नाहीत, नळ सोडल्यासारखे बघायचे. तेव्हा भारनियमनातून सिनेमा मिळवायला सहा रात्री लागल्या तरी तो शेवटपर्यंत बघितला जायचा. आता सहा सेकंदांत चालू होतो आणि दहाव्या मिनिटाला बदलला जातो. मात्र खरं बोलायचं तर त्या सहा रात्री मिळवलेल्या सिनेमांतले निम्मे भिकार होते. कष्टानं आणले म्हणून आम्ही ते गोड मानून घेतले.

नॅटची खरी परीक्षा झाली ती कॅमेऱ्याच्या वेळी. गावातल्या एका कृषी सेवा केंद्राच्या मालकांनी दुकानात चार कॅमेरे आणि त्यांचं चित्रण साठवणारा एक डीव्हीआर बसवला. मुलगा पुण्याला नोकरीला. त्याला तिथून दुकान बघायचं होतं. वडिलांना वाटायचं, चोरांवर लक्ष राहील. मुलाला बहुधा वडिलांवर लक्ष ठेवायचं होतं, दुपारची गोळी घेतात की नाही ते बघायला. काम माझ्याकडं आलं.

इथं ढाळजेतल्या आजोबांशी उलटा व्यवहार होता. आजवर आतला माणूस आधी बाहेर जायचा, मग उत्तर आत यायचं. आता बाहेरच्यानं आपण होऊन यायचं होतं, आणि वहीत त्याची नोंद नव्हती. म्हणून आजोबांना आधीच सांगून ठेवायचं: कुणी दारात येऊन ‘आठ हजार’ म्हणालं, की न विचारता चौथ्या खोलीत सोडा. मोडेमच्या पानावर डाव्या हाताला ‘नॅट’, त्याखाली ‘व्हर्च्युअल सर्व्हर’. तिथं पोर्ट ८०००, आतला पत्ता १९२.१६८.१.४, सेव्ह. पण झालं की नाही हे दुकानात बसून कळायचं नाही. आमचा मोडेम आतल्या माणसाला बाहेरून वळसा घालून परत आत येऊ देत नव्हता. म्हणून पुण्याला फोन लावायचा.

‘आता बघ.’
‘नाही दादा.’
‘थांब. आता?’
‘फिरतंय नुसतं.’
‘रिबूट मारतो, ठेवू नको.’

मोडेम बंद झाला, चालू झाला, दिवा लुकलुकला, स्थिर झाला. फोन त्याच तारेवर, तो मात्र तुटला नाही. पलीकडून एकदम ओरडणं आलं, ‘आलं! आलं! पप्पा खुर्चीत बसलेत! पप्पा, हात वर करा!’ मालकांनी कॅमेऱ्याकडं बघून हात वर केला. चार-पाच सेकंद काही नाही. मग पुण्यातून हसू आलं. दुकानात युरियाची पोती मोजणारा हमालसुद्धा थांबून हात हलवायला लागला. शिरूर अनंतपाळच्या एका दुकानाला जगाच्या पाठीवरून कुठूनही थेट येता येईल, असं दार मी उघडलं होतं.

आठ दिवसांनी दुकानाचे मालक क्लासवर आले. ‘सर, पोरगं म्हणूलालंय दुकान दिसंना.’ गेलो. सगळं जागच्या जागी. पोर्ट बरोबर, पासवर्ड बरोबर. तासभर डोकं खाजवल्यावर उमगलं. रात्री वीज गेली होती. परत आल्यावर डीव्हीआर आणि बिलाचा कॉम्प्युटर यांनी मोडेमकडं नव्यानं खोल्या मागितल्या आणि अदलाबदल झाली. आजोबा सांगितल्याप्रमाणं पाहुण्याला चौथ्या खोलीत सोडत होते, पण चौथ्या खोलीत आता बिलाचा कॉम्प्युटर राहत होता. डीव्हीआरला कायमचा पत्ता बांधून द्यायला हवा होता, तो मी दिला नव्हता. बाहेरचा पत्ताही वीज गेली की बदलायचा, त्यासाठी डाइन नावाच्या अमेरिकन कंपनीकडून फुकट मिळणारं एक नाव घ्यावं लागलं, म्हणजे पत्ता बदलला तरी नाव तेच. मालकांनी चहा सांगितला. मी माझी चूक कबूल केली, तशी ते म्हणाले, ‘भाडेकरू न सांगता खोली बदलूलाले, तुमी काय करनार?’

आता असा कॅमेरा बसवायला दोन मिनिटं लागतात. डब्यावरचा चौकोनी कोड मोबाइलला दाखवायचा, झालं. कॅमेरा स्वतःच बाहेर जाऊन कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरपाशी बसतो, मुलाचा मोबाइलही तिथंच जातो, आणि बाप-लेक तिसऱ्याच्या ओसरीवर भेटतात. पुण्याला फोन लावायला नको, ‘आता बघ’ नको. हात वर करा म्हणणारं कुणी नाही, कारण चित्र दिसणारच आहे.

गेल्या दिवाळीत भाचा नांदेडहून आला. कुठलासा गेम घरच्या कॉम्प्युटरवर चालवून मित्रांना तिथं बोलवायचं त्याच्या मनात आलं. ‘मामा, पोर्ट फॉरवर्ड म्हणजे काय हो?’ वीस वर्षांनी कुणीतरी तो शब्द उच्चारला होता. मी बाह्या सरसावल्या. राउटरचं पान उघडलं, नॅट सापडलं, नोंद केली, रिबूट मारला. ‘आता बघ म्हणावं.’ नाही. पुन्हा केलं. नाही. मग राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता बघितला. सुरुवातीलाच शंभर, पुढं चौसष्ट. मी राउटरचं पान बंद केलं.

शंभर-चौसष्टनं सुरू होणारे पत्ते २०१२ मध्ये खास नेट पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी राखले गेले. त्याचा अर्थ असा, की आपल्या ढाळजेच्या बाहेर रस्ता नाही, आणखी एक मोठा वाडा आहे. त्याची ढाळज कंपनीच्या ताब्यात, वही कंपनीची, आणि एका पत्त्याआड शेकडो घरं. आपण आपलं दार कितीही उघडा, पाहुणा बाहेरच्या दारातच अडतो. जानेवारीत आमच्या तालुक्यात उजेडला महात्मा गांधींच्या नावानं यात्रा भरते. त्या गर्दीत तुम्ही जिलेबीवाल्याला हाक मारू शकता, पण जिलेबीवाला तुम्हाला नावानं हाक मारू शकत नाही. आजचं नेट असंच. आपण कुणाकडंही जाऊ शकतो, आपल्याकडं आपण होऊन कुणी येऊ शकत नाही. कंपनीच्या हेल्पलाइनला विचारलं, तर ‘स्टॅटिक आयपी’चे, म्हणजे कायमच्या पत्त्याचे, दरमहा वेगळे पैसे सांगितले. भाचा म्हणाला, ‘जाऊ द्या मामा, फुकटचा सर्व्हर मिळतो ऑनलाइन.’ पाच मिनिटांत त्याचं काम झालं. माझंच राहिलं.

दोष कुणाला द्यायचा? जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. जगात माणसंच त्याहून जास्त, आणि एकेका माणसाच्या खिशात दोन-दोन यंत्रं. १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस या दोघांनी नॅटची कल्पना कागदावर मांडली, तीसुद्धा खरा उपाय सापडेपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून. तात्पुरत्या सोयीचं पुढं काय होतं, हे ज्यानं तात्पुरते पत्रे टाकून घर बांधलंय त्याला सांगायला नको. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक कोठारातले शेवटचे पाच गठ्ठे वाटून झाले आणि एप्रिलमध्ये आपल्या आशिया-पॅसिफिकच्या वाट्याची सढळ वाटणी थांबली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, आणि ज्यांच्या घरी तार कधी गेलीच नव्हती त्यांच्या हातात नेट आलं. त्या कोट्यवधींना एकेक जुना पत्ता द्यायचा, तर आणायचा कुठून? नवे लांबलचक पत्ते, आयपीव्ही६चे, आता मोबाइलमध्ये आलेत, त्यांचा तुटवडा पिढ्यान् पिढ्या होणार नाही. पण ते वाचून दाखवायला फोनवर कुणी बसणार नाही, एवढे ते लांब आहेत.

आणि आता नॉस्टॅल्जियाच्या वहीतलं शेवटचं पान, जे आमची पिढी वाचत नाही. मी दुकानाचं ते दार उघडलं तेव्हा डीव्हीआरचा पासवर्ड काय होता? ॲडमिन. मोडेमचा? ॲडमिन. बदलला का नाही, तर विसरायला होतं म्हणून. माझ्यासारख्या ‘सरां’नी जगभर अशी दारं उघडून ठेवली. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातकी प्रोग्रॅमनं कारखान्यातून आलेले तेच ते पासवर्ड लावून बघितले आणि असे कॅमेरे, डीव्हीआर, राउटर लाखांनी आपल्या कह्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्या फौजेनं ज्या कंपनीवर हल्ला केला, ती कंपनी होती डाइन. आम्हाला वर्षानुवर्षं फुकट नाव देणारी, तीच. अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट त्या दिवशी कोलमडल्या. आमच्या दुकानाचा डीव्हीआर त्या फौजेत होता की नव्हता, देव जाणे. होता असता तरी आम्हाला कळलं नसतं; आम्ही पप्पांनी हात वर केलेला बघण्यात दंग होतो.

म्हणजे हिशेब असा लागतो. तेव्हाचं नेट हळू होतं, महाग होतं, पावसाला आणि विजेला भ्यायचं आणि आम्ही ते धोकादायक करून ठेवलं होतं. आत्ताचं वेगवान, स्वस्त आणि बरंच सुरक्षित आहे. क्लासवर नऊ पोरं झोपडी काढत बसायची, आज साकोळच्या शेतात बसलेली पोरगी मोबाइलवर नीटची टेस्ट सोडवते. यातलं कुठलं बरं, हे मला विचारू नका, मला माहीत आहे. मागं जायचं म्हटलं तर मी एक दिवसही जाणार नाही.

तरी चुटपुट लागते ती एका गोष्टीची. पी.पी.च्या काळात नंबर शेजाऱ्याचा होता, पण आण्णांच्या दारात जाऊन ‘आमचा फोन आला की सांगा’ म्हणता यायचं. मोडेमच्या काळात पत्ता सारखा बदलायचा, पण ढाळजेतल्या आजोबांना ‘याला आत सोडा’ सांगायचा हक्क घरातल्या माणसाला होता. आज माझ्या नेटच्या वाड्यातली बाहेरची ढाळज माझी नाही, आणि तिथं कोण बसलंय हेही मला माहीत नाही. तो हक्क आम्ही नीट वापरला नाही, हे वर कबूल केलंच आहे. पण नीट न वापरलेली वस्तू गेली तरी माणूस हळहळतोच.

आतली ढाळज मात्र अजून आपलीच आहे. घरातल्या राउटरचं पान आजही उघडतं, कुठं १९२.१६८.१.१ ला, कुठं त्याच्या एखाद्या भावाला. एकदा उघडून बघा. तिथला पासवर्ड अजून ‘ॲडमिन’ असेल, किंवा फायबरवाल्या पोरानं टाकलेला तुमचाच मोबाइल नंबर असेल, तर आज बदला आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.